मेहुण्यास संगणक देण्याबाबत

मी, खाली सही करणारा निवृत्त भूगोल शिक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मेहुण्याचे मत वेगळे आहे, पण तो डॉक्टर नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी माझ्या एकुलत्या मुलीला.

२. विजेचा दाब मोजायचा मल्टिमीटर शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला. "दोन दिवसांत आणून देतो," म्हणून त्याने तो नेला, त्याला बरीच वर्षे झाली.

३. मागच्या खोलीतील जुना संगणक माझ्या दिवंगत पत्नीचा. त्याच्या स्मृतीत एक लांबलचक पत्रही मावत नाही. आपण लिहिलेल्या सूचना ओळीओळीने वाचून यंत्राकडून करून घेणारा इंटरप्रिटर तिने त्यासाठी लिहिला आणि एका चिपमध्ये बसवला. तो कमीत कमी जागेत मावावा हा तिचा ध्यास. काहीही चुकले तरी पडद्यावर फक्त प्रश्नचिन्ह येते. वाक्य छापायला जागा लागते. घरातही तीच पद्धत होती. माझे काय चुकले ते मलाच शोधावे लागे.

मेहुणा तिचा धाकटा भाऊ. त्याला वेग हवा.

"ताई, शंभराव्या ओळीकडे जायचं तर हा पहिलीपासून शोधत येतो! प्रत्येक ओळीचा पत्ता लिहून ठेव ना."

"पत्तेच लिहीत बसले तर राहायला जागा उरेल का रे?"

त्याने स्वतःची वेगवान चिप केली. संगणकात चिपसाठी खाच एकच. तो आला की त्याची चिप बसे, तो गेला की पत्नी ती काढून आपली बसवे.

मुलगी म्हणते, "बाबा, मामा त्या संगणकाचा पार विचका करेल. संग्रहालयाला देऊ, काचेत नीट राहील."

पत्नी वारल्यानंतर मेहुणा आला तो स्वतःची चिप घेऊनच. खाचेशी हात थांबला. "दाजी, ताई काय म्हणाली असती?"

"किती जागा खाल्लीस, असं विचारलं असतं."

तो चहा न घेता गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "दाजी, माझ्या चिपमध्ये सतरा अक्षरांची जागा वाचवली. अजून वाचेल."

म्हणून संगणक मेहुण्याला. त्याने हवी ती चिप बसवावी. तिच्या चिपवरची चिकटपट्टी मात्र काढू नये. उजेड लागला तर आतले पुसले जाते. मुलीने रागावू नये. काचेत संगणक नीट राहील हे मला मान्य आहे. पण माझ्या पत्नीशी अजून भांडणारा तो एकटाच उरला आहे.

ठिकाण: मागची खोली
दिनांक: ९ मार्च
सही: (निवृत्त भूगोल शिक्षक)

आमच्या देखत सही केली:
१. डॉक्टर
२. खालच्या मजल्यावरील शिंपी