वेलचीचे मलम आणि कार्यालयाच्या भिंतीवरील फोटो

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
महिला लघुउद्योग मार्गदर्शन कक्ष, जुन्नर.

विषय : भिंतीवरील अर्जदाराचा फोटो उतरवून प्रशस्तिपत्र परत घेणेबाबत.
संदर्भ : याच विषयावरील अर्जदाराचे दोन अर्ज (दोन्ही ‘प्रयोजन कळत नाही’ या शेऱ्यासह परत).

महोदय,

अर्जदार जहाँआरा निजाम अत्तार ही घरी ओठांचे मलम बनविते. मेण, खोबरेल आणि कोमट तेलात मुरविलेली वेलची, एवढाच त्यात ऐवज. मागील वर्षी आपल्या प्रदर्शनात ‘शंभर टक्के नैसर्गिक सुगंध’ म्हणून तिला पहिला क्रमांक मिळाला व डबी हातात धरलेला तिचा फोटो आपल्या कार्यालयात लागला. आधीच्या अर्जांत तिने प्रयोजन लिहिले नाही, कारण धीर झाला नाही. ते आता लिहीत आहे.

१. खऱ्या वेलचीचा वास मलमात आठ-दहा दिवसांत मंदावतो. प्रदर्शनाच्या तोंडावर शंभर डब्या तयार होत्या आणि वास उडालेला. अर्जदाराने आळेफाट्याहून मिठाईत घालायचा कृत्रिम वेलची-इसेन्स आणला, मलम पुन्हा वितळविले आणि त्यात ओतला. किती, हे मोजले नाही. सासरे हयातभर अत्तर विकत फिरले, पण भेसळ केली नाही. त्यांची सून हे करीत होती, तेव्हा तिने दाराला आतून कडी लावली होती.

२. शेजारच्या धोंडाबाईंनी त्यातली पहिली डबी घेतली. तिसऱ्या दिवशी ओठ सुजून फुटले, पेजेवर राहण्याची वेळ आली. अर्जदार भेटीस गेली असता त्याच म्हणाल्या, “माज्या मिश्रीनंच झालं आसंल गं. तुजं मलम तर झाडपाल्याचं.” आणि अर्जदारासमक्ष त्यांनी मलम पुन्हा लावले. अर्जदार चहा पिऊन घरी आली. बाकीच्या विकलेल्या डब्या परत मागण्याचेही धाडस तिला झाले नाही.

३. तेव्हापासून इसेन्स बंद आहे. आता डबीत निव्वळ वेलची आहे, तर गिऱ्हाईक हुंगून परत करते : “हिला वासच न्हाई. हापिसात फोटू हाय, त्या बाईचं द्या.” ती बाई मीच, असे सांगितल्यावर ओतूरच्या बाजारात एकीने सर्वांदेखत विचारले, “मग आता भेसळ कराया लागलीस व्हय?”

आपले लिपिक म्हणतात की, फोटो लावण्याच्या अर्जाचा नमुना आहे, उतरविण्याच्या नाही. तसे असल्यास वरील मुद्दा क्र. १ फोटोखाली ठळक अक्षरांत लावावा. अर्जदार स्वहस्ते लिहून देण्यास तयार आहे. होईल ती कारवाईही तिला मान्य आहे.

काल अर्जदाराने धोंडाबाईंना सर्व सांगितले. त्या रागावल्या नाहीत. पदराचा काठ ओठांवरून फिरवीत बसल्या, मग म्हणाल्या, “त्या दिशी म्या फिरून लावीत व्हते, तवा माजा हात का न्हाई धरलास?”

याचा लेखी खुलासा आपण मागितला, तरी अर्जदारास तो देता येणार नाही.

आपल्या निर्णयाधीन,
जहाँआरा निजाम अत्तार
जुन्नर, दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत : १) मूळ प्रशस्तिपत्र. २) उरलेला इसेन्स, बाटलीसह.