बुडख्याला फुटलेली पात

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. गळ्याच्या ऑपरेशननंतर आवाज जो गेला, तो परतीचं तिकीट न काढताच गेला. बोलायला गेले की बिजागरीसारखी कुरकुर तेवढी निघते. बसस्थानकावर इतकी वर्षं मी गाड्या पुकारल्या. आता तिथे रेकॉर्ड केलेली बाई बोलते. तिला फलाटातलं काही कळत नाही, पण ती रजा मागत नाही. साहेब म्हणाले, पूर्ण बरं होईपर्यंत घरी बसा. मी बरी झाले नाही तरी त्यांची हरकत नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

घरी बसून पातीच्या कांद्याचे बुडखे वाढवते. चिरताना मुळाकडची दोन बोटं ठेवायची, ग्लासात तळाशी पाणी घालून उभी करायची, पाणी रोज बदलायचं. शेजारी लसणाच्या पाकळ्या आणि कोबीचा दांडाही मांडलाय. कोंब इतक्या निर्लज्जपणे वर येतात की बघत राहावं.

भाऊजींचं 'संकटातून व्यक्तिमत्त्व विकास' हे पुस्तक मिळालं. मुखपृष्ठावर त्यांचाच फोटो असल्यामुळे संकट लगेच ओळखू आलं.

लोभ असावा, सल्ले नसावेत.
तुझी,
धाकटी

७ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून हसले, पण ह्यांच्यासमोर हसले ही चूक झाली. ह्यांनी ते मागून घेतलं. फोटोची ओळ मी अंगठ्याखाली दाबून धरली. बाकीचं वाचून स्वारी खूश. अखेर खरंखुरं उदाहरण सापडलं म्हणाले. पुढच्या रविवारी तुमच्याच गावात ह्यांचं व्याख्यान आहे. तू ग्लास घेऊन मंचावर यायचं आणि नुसतं हसतमुख उभं राहायचं. बोलायचं काम ते करतील.

ह्यांच्यावर आलेलं शेवटचं संकट म्हणजे इस्त्रीवाल्याने सदरा जाळला. तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. विकास काही दिसला नाही.

तरी जा बाई. मी येत नाही, मला ते व्याख्यान पाठ आहे. पण तू घरात कोंडून घेतलंयस, याची मला काळजी वाटते. नोकरीचंही स्वतः जाऊन विचार. साहेब बोलावतील म्हणून थांबलीस तर तुझ्या कांद्याचं झाड होईल.

आशीर्वाद आहेतच; सल्ले सुटत नाहीत.
ताई

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींची बाजू तू ऐकली असशील, आता माझी ऐक.

मी ग्लास धरून उभी राहिले. भाऊजी म्हणाले, हिचा आवाज कायमचा गेला, पण ही खचली नाही. सुरीचे घाव जितके जास्त तितकी वाढ जास्त. टाळ्या पडल्या.

'कायमचा' हा शब्द डॉक्टरांनीही वापरलेला नाही. मी माईक ओढून घेतला. तो तोंडाच्या किती जवळ धरायचा, हे मला शिकवायला नको. म्हटलं, आवाज गेला नाही, बसलाय. आणि घावाने काही वाढत नाही. अगदी मुळापाशी कापलेले बुडखे माझ्याकडे कुजले, वास सुटला, फेकून दिले. ज्यांची दोन बोटं उरली तेच फुटले, तेही पहिल्यापेक्षा बारीक. तेव्हा कुणाला कापायची वेळ आलीच तर दोन बोटं राखा, आणि नंतर त्याला पाणी द्या, पुस्तक नको.

लोक हसले. भाऊजीही हसले, जरा उशिरा. मागच्या एका बाईंना शेवटचं ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं.

घरी येऊन खूप रडले. इतके महिने मी गप्प होते ते आवाज नाही म्हणून नव्हे, ताई. असला आवाज कुणी ऐकू नये म्हणून.

उद्या साहेबांकडे जाते. माझ्यावर लोभ ठेव, भाऊजींवर लक्ष ठेव.
धाकटी

२४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. फार बरं गेलं. तिसऱ्या दिवशी नवं व्याख्यान तयार झालं: 'दोन बोटं राखा'. मूळ विचार स्वतःचाच, असं मलाच ऐकवलं. मी भाजी चिरत होते; सुरी खाली ठेवली आणि हा विचार माझ्या बहिणीचा आहे, असं सांगितलं. लग्नानंतर मी त्यांचं वाक्य प्रथमच मध्ये तोडलं. काही कोसळलं नाही.

तुझ्या साहेबांचं काय झालं ते लगेच कळव. जीव टांगणीला लागलाय.
तुझी,
ताई

११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साहेबांना म्हटलं, गाड्या पुकारणं जमणार नाही, पण कुठली गाडी कुठून सुटते हे तुमच्या रेकॉर्डपेक्षा मला जास्त कळतं. चौकशीची खिडकी द्या. त्यांनी कुरकुरत दिली. आता लोक भांडायला येतात, माझा घोगरा आवाज ऐकतात आणि आपोआप हळू बोलू लागतात, जणू खिडकीआड कुणी आजारी झोपलंय.

काल रांगेत भाऊजी होते, इथे गाडी बदलून व्याख्यानाला निघालेले. गाडी कुठे लागते, विचारलं. मी सांगितलं, त्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं. तेव्हा त्यांनी बॅग खाली ठेवली, वाकून खिडकीच्या जाळीला कान लावला आणि माझं बोलणं पुरं होईपर्यंत तोंड मिटून उभे राहिले.

तुला हे बघायला मिळालं नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आहे तो लोभ वाढवावा.
तुझी,
धाकटी