निळ्या झाकणाचं पाणी

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे! ट्रकवाल्याने कपाटाची काच फोडली आणि वर मलाच ऐकवलं की बाई, सामानात काच कशाला आणता. आज कोणाशी भांडायचं नाही असं ठरवून निघाले होते, म्हणून वाचला मेला.

घर मात्र झकास. कंपनीची वसाहत, समोरासमोर दोन रांगा, मध्ये रस्ता आणि झाडं. स्वयंपाकघरात ओटा लांबलचक, खिडकीतून समोरचं घर दिसतं. भाडं नाही, वीज नाही, पाणीसुद्धा कंपनीचं. मोठे जार दारात आणून ठेवतात. आमच्या रांगेला निळ्या झाकणाचे, समोरच्यांना पांढऱ्या. सासूबाईंनी पहिलाच पेला तोंडाला लावला आणि पाणी कडसर लागतं म्हणून जाहीर केलं. त्यांना अमृतही कडसर लागेल. प्रवासाने त्यांचे गुडघे धरलेत, त्याचा राग पाण्यावर.

आमचा भोंगा दोनदा वाजला. एकदा ट्रकमधून उतरताना, एकदा दाराची चौकट लागली म्हणून. पाच वर्षांची पोर, पण आवाज असा की समोरची बाई धावत आली आणि कोणाला काय झालं विचारायला लागली. तिचाही मुलगा एवढाच आहे. बाई बरी वाटली. ह्यांना बोटीवर फोन लावला, लागला नाही. काही असो, मी आज खूश आहे. इतकी वर्षं कॉलेजात मुलांना परीक्षानळ्या धुवायला शिकवल्या, आता खरं संशोधन करणार.

११ फेब्रुवारी

काम समजलं. म्हणजे काम समजलं नाही, हेच काम आहे! औषधाला नाव नाही, नंबर आहे. ते कशावरचं, कोणासाठी, कोणी विचारायचं नाही. पहिल्या खोलीतले पहिली पायरी करतात, दुसऱ्या खोलीतले पुढची, आणि शेवटची पायरी माझी. एकीची कृती दुसरीला सांगायची नाही. अख्खं औषध फक्त तिकडच्यांना माहीत. तिकडचे म्हणजे ज्यांचं हे काम ते. आठवड्यातून एकदा पडद्यावर येतात, गोड हसतात. आमचे साहेब म्हणाले की तिकडे एका माणसाला जे द्यावं लागतं, त्यात इथे खोलीभर माणसं मिळतात. मी म्हटलं, आणि सासवा फुकट. साहेब हसले नाहीत.

माझ्याकडे दिलेली अडचण अशी की हे औषध फार कडू आहे. चव घालवायची, गुण तसाच ठेवायचा. पाण्यात कळता कामा नये, असं तिकडच्यांचं म्हणणं. लहान मुलांसाठी असेल बहुतेक.

हाताखालच्या मुलीला आज झापलं. मशीनवर एकदाच तपासून मोकळी झाली होती. आमच्या मशीनमध्ये पाण्याचा थेंब टाकला की पडद्यावर रेघ टेकडीसारखी वर येते. प्रत्येक पदार्थाची टेकडी वेगळ्या जागी. पण एकदा बघून कशावरही विश्वास ठेवायचा नाही, पुन्हा बघायचं, आणि मग पुन्हा. तिचे डोळे भरून आले. आले तर आले.

२६ फेब्रुवारी

हवापालट म्हणतात तो हाच. सासूबाईंचे गुडघे थांबले! सकाळी उठून ओटा धुतला, पायऱ्यांवर झाडू मारला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला नावं ठेवायची विसरल्या.

दुसरं नवल म्हणजे भोंगा बंद पडलाय. आज सायकलवरून सपशेल आपटली, ढोपर सोललं, आणि उठून पुन्हा बसली. मी कौतुकाने पापे घेतले. वसाहतीच्या डॉक्टरणीकडे टोचून घ्यायला नेलं तर सुई जाताना पोरगी खिडकीबाहेरची मांजर बघत होती. डॉक्टरणीलाही फार आनंद झाला. आमच्या रांगेतली सगळीच मुलं शहाणी आहेत, पडतात, झडतात, पण रडारड नाही. समोरच्या रांगेत मात्र सारखा गलबला. संस्कार म्हणायचे, दुसरं काय.

१४ मार्च

जिंकले! कडूपणा गेला. पडद्यावर तिकडच्यांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी पाठ थोपटायला हात उचलला आणि मी बाई आहे हे आठवून खाली घेतला. ह्यांना फोन करून इतकं बोलले की ते म्हणाले, जरा श्वास घे.

संध्याकाळी सासूबाई पाणी पिता पिता म्हणाल्या की बघ, आता पाणी कसं छान गोड लागतं.

२ एप्रिल

जसं झालं तसं लिहून ठेवते.

दुपारी मी कपडे घडी करत होते. आधी वास आला. भोंगा इस्त्रीजवळ बसली होती आणि तळहात इस्त्रीवर टेकला होता, चटईवर टेकावा तसा. दुसऱ्या हाताने चित्र रंगवत होती. मी किंचाळले तेव्हा तिने दचकून माझ्याकडे बघितलं. हाताकडे नाही. हात उचलला तर कातडी इस्त्रीलाच राहिली. आई, तू का ओरडतेस, असं विचारलं तिने.

डॉक्टरणीने पट्टी बांधली. ती बांधताना पोर हसत होती. मला एकच गोष्ट डॉक्टरणीने परत परत विचारली, रडली का? अजिबात नाही? नक्की ना? आणि मी नाही म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. देवाशपथ सांगते, उजळला.

५ एप्रिल

सासूबाई पायऱ्यांवरून पडल्या असणार, कधी ते त्यांनाही माहीत नाही. आज जेवायला वाढताना मी खाली बघितलं तर उजवं पाऊल भलतीकडेच वळलेलं. त्यावरच चालत होत्या, घरभर. मी धरून बसवलं तर चिडल्या, म्हणाल्या तुझं नेहमीचंच, राईचा पर्वत. हाड बाहेर आलेलं दिसत होतं आणि त्या मला कोशिंबिरीत मीठ कमी आहे म्हणून सांगत होत्या.

डॉक्टरणीने येऊन पाऊल बांधलं. ती गेल्यावर मी मुद्दाम स्वतःचा हात चिमटीत धरला. नखं रुतली. रक्त आलं.

काहीच नाही.

७ एप्रिल

घरचं पाणी बाटलीत भरून नेलं. जेवणाच्या सुट्टीत, सगळे बाहेर असताना, मशीनला लावलं. रेघ सरळ चालली होती, मला वाटलं, चला, वेडी झालेय मी. मग ती वर आली.

माझी टेकडी. महिनाभर जिच्यामागे हात धुऊन लागले होते ती. गर्दीत स्वतःची पोर ओळखावी तशी ओळखली.

समोरच्या बाईच्या घरचंही पाणी नेलं होतं. स्वच्छ. सपाट रेघ. म्हणजे एका रांगेला औषध पाजायचं, दुसरीला नुसतं पाणी, आणि फरक बघायचा. उंदरांचं करतात तसं. दुखणं थांबवायचं औषध आहे हे. आणि मीच त्याची चव काढली. सासूबाईंना कडू लागत होतं तेव्हा मी हसले होते! माझ्या पोरीला कळू नये म्हणून मीच—

निघून जायचं का? सासूबाईंचं पाऊल तसं, हे बोटीवर, आणि मी नोकरी सोडली तर पोरीच्या हाताला पुढे कोण बघणार. आधी पाणी थांबवायचं. बाकी नंतर.

९ एप्रिल

बाहेरून पाणी आणायचं तर फाटकावर पिशव्या तपासतात. बाटलीसुद्धा आत येऊ देत नाहीत.

समोरची बाई कामाला जाताना किल्ली माझ्याकडे ठेवते. विश्वासाने. मी तिचा पांढऱ्या झाकणाचा जार उचलून आणला आणि आमचा तिच्या ओट्याखाली ठेवला. झाकणं अदलाबदल केली. तिचा मुलगा बाहेर रस्त्यावर खेळत होता. मला मावशी म्हणून हाक मारली त्याने.

असू दे. तिचं तिने बघावं. मला माझी पोर रडायला हवी आहे.

१२ एप्रिल

नवे जार आले, पुन्हा बदलले. आता दर वेळी बदलणार.

भोंगाला चिमटा काढून बघितला. नाही.

१५ एप्रिल

सकाळी, दुपारी, संध्याकाळी चिमटे काढते. दंड निळे पडलेत. ती म्हणते, आई, हा कोणता खेळ? आज सुई टोचली. माझ्या हाताने, माझ्या पोटच्या पोरीला. रड ना गं. एकदा रड. तिला वाटलं मी चिडलेय, म्हणून तिने माझी समजूत काढली.

समोरचा मुलगा मात्र दारात आपटून ठणाणा रडला. अजून कसा रडतो हा? निळं पाणी पितोय ना! त्याच्या आईने उचलून पदराने डोळे पुसले. मला तिचा इतका राग आला की खिडकी लावून घेतली.

१७ एप्रिल

आमच्या रांगेत काहीतरी झालंय. शेवटच्या घरातली बाई सकाळपासून किंचाळतेय. कोणी म्हणतं वेड लागलं. आता पलीकडचं घरही. मग त्याच्या शेजारचं. अंगावरचे कपडे टराटरा फाडतात, कापडसुद्धा सहन होत नाही म्हणे. ज्या मुलांचे कधी आवाज नव्हते—

आमच्याच घरात शांतता आहे.

१८ एप्रिल

साहेबांनी बोलावलं. दार लावलं. तिकडच्यांना कुतूहल आहे, म्हणाले. अख्खी निळी रांग ओरडतेय आणि एक तुमचंच घर गप्प कसं?

मी म्हटलं, मला सगळं माहीत आहे. ते म्हणाले, सगळं नाही. मग शांतपणे समजावलं, मी कॉलेजात मुलांना समजवायचे तसं. अशा तपासणीत मध्यावर पाळी बदलतात. ज्यांना औषध, त्यांना पाणी. ज्यांना पाणी, त्यांना औषध. झाकणं तीच ठेवतात. दहा तारखेला बदललं.

दहा तारखेला. मी नऊला जार बदलला आणि पुढे एकदाही, एकदाही मशीनला लावून बघितलं नाही.

औषध पांढऱ्यात होतं. मी हातात उचलून, रस्ता ओलांडून, तिला आणून पाजत होते.

समोरच्या मुलाला मी चांगलं पाणी दिलं. मी!

आणि एकदम थांबवलं की काय होतं, ते साहेबांनी खिडकी उघडून ऐकवलं. न दुखलेलं सगळं अंगात साठतं. मग येतं. एकदम येतं, आणि उतरत नाही. तिकडच्यांना हे आधीच माहीत होतं का, विचारलं. ते म्हणाले, अंदाज होता, खात्री करायची होती.

पाय धरले. माझ्या घरी देत राहा. बंद करू नका. थोडं थोडं कमी करा, मी सांगते तसं. बघू म्हणाले.

२२ एप्रिल

मिळतंय अजून. समोरचा जार मी उचलून आणते, आता कोणी अडवत नाही. रोज चमच्याने मोजून कमी करतेय. इस्त्रीचा हात, सोललेलं ढोपर, माझ्या सुया— सगळं आत आहे तिच्या. मीही पितेय. नाहीतर तिला सांभाळणार कोण.

समोरच्या रांगेत सामसूम. समोरचा मुलगा तेवढा रडतो. त्याची आई आज मला विचारत होती की आमचाच एकटा असा रडका का.

२४ एप्रिल

जार आले नाहीत.

प्रयोगशाळेत गेले तर मशीन खोक्यात. पहिली खोली रिकामी, दुसरी रिकामी. साहेब कागद फाडत होते. काम गेलं म्हणाले. तिकडच्यांना दुसरीकडे याहून स्वस्त माणसं मिळाली. काय करणार, धंदा आहे.

मी म्हटलं, औषध द्या. साठा तिकडे गेला. मग मी बनवते! हसले. तुम्हाला शेवटची पायरी येते बाई. आधीच्या कोणाला येतात?

खरं आहे. मला फक्त चव काढता येते.

२५ एप्रिल

फाटकाबाहेरच्या डॉक्टरकडे नेलं. काही दुखत नाही म्हणता, तर देऊ काय, म्हणाला. औषधाचं नाव विचारलं. नंबर सांगितला. माझ्याकडेच बघत राहिला.

जारच्या तळाशी पेलाभर आहे. तिचं ते. सासूबाईंना नाही दिलं. त्यांनी मागितलं नाही, पण माझ्याकडे बघतात.

२६, सकाळ

संपलं.

सासूबाई पावलाकडे बघतायत. पहिल्यांदाच. तोंड उघडं, आवाज नाही. दार ओढून घेतलं त्यांचं.

भोंगा मांडीवर आहे. कुशीत घ्यायची हिंमत नाही, हलकेच धरलीय. म्हणते, आई, हात गरम होतोय. इस्त्री बंद कर ना.

इस्त्री कपाटात आहे गं राणी.

सकाळच, नंतर

रडली. रडली माझी पोर! महिन्यांनी— तोच आवाज, तस्साच— आणि मी मूर्खासारखी हसले, देवा, हसले मी—

थांबत नाही

थांबतच नाही. जवळ घेतलं तर जास्त. फुंकर घातली तर जास्त. आई नको ना म्हणते, आई हात लावू नको

समोरची बाई दार वाजवतेय, कोणाला काय झालं विचारतेय— काय सांगू तिला

उशी हातात आहे. फक्त आवाज थोडा— नाही. नाही नाही. ती माझ्याकडे बघतेय आणि

माझी बोटं. पेन टोचतंय. आधी नव्हतं टोचत. आता मलाही य