चौतीस इंची टेबल आणि नववीचा फॉर्म

तळवली,
८ जून २०२५

ती. ताईस,
अंकुशचा सविनय जयभीम. वि. वि.

कोपरखैरण्याच्या शाळेला मी नक्की दिलं तरी काय, असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. या हातांनी केलं ते लिहितो. लोखंडी पायांची, जाड फळीची कामाची टेबलं दहा, प्रत्येकाची उंची चौतीस इंच, सुताएवढा फरक नाही. विजेच्या जोडण्या शिकायचे लाकडी बोर्ड सहा. भंगारातलं स्कूटरचं इंजिन मधोमध कापून, हँडल फिरवलं की आतला दट्ट्या वरखाली होताना दिसेल असं, एक. टेबलावर लोखंड पकडायला बसवलेले व्हाइस विकतचे आहेत, ते माझ्या नावावर धरू नकोस. बाकी कुणी शिकवलं नाही. दहावी नापास माणूस न्हावा शेव्याच्या यार्डात कंटेनरचे फाटके पत्रे जोडता जोडता जे शिकला ते शिकला.

आता मूळ गोष्ट. मैत्री त्याच शाळेत आठवी पास झाली, टक्के एक्याण्णव पॉइंट चार. नववीला विषयांचा फॉर्म आलाय. भाषा, गणित, विज्ञान, इतिहास-भूगोल सगळ्यांना सारखं. एकाच रकान्यात निवड आहे, संस्कृत किंवा वर्कशॉप. पण दोन्हींचे तास एकाच वेळी ठेवलेत. संस्कृत अ तुकडीला, वर्कशॉप क तुकडीला. म्हणजे वर्कशॉप घेतलं की पोरगी अ मधून क मध्ये. आणि क मध्ये आपल्यासारख्यांचीच पोरं ढकलतात, ते तुला सांगायला नको.

मैत्री बाईसाहेबांना वर्कशॉपच हवंय. मी संस्कृतवर खूण करून सही करून दिली. बाबांना वर्गाबाहेर दारात बसवायचे ना गं? त्यांची नात संस्कृतात शंभरपैकी शंभर काढेल, एवढंच डोक्यात होतं. तर ती म्हणाली, पप्पा, टेबल तुमच्या हातचं, मग मी त्याच्यावर का नको? मी आवाज चढवला. चार दिवस झाले, ताट ठेवते आणि निघून जाते. तिची आई, अक्षता, तिच्याच बाजूने. तू एकतीस वर्षं शिकवलंस. तुझं ती ऐकते, तिला चार शब्द लिही.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
अंकुश


मंडणगड,
१४ जून २०२५

चि. अंकुश यास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं.

सुताएवढा फरक नाही, हे तू मला वर्षभरात तिसऱ्यांदा लिहिलंस. मान्य. मैत्रीला मात्र मी काही लिहिणार नाही. लिहायचं ते तुलाच लिहिते, राग आला तर पाणी पी.

आमच्या शाळेचं वेळापत्रक अकरा वर्षं मी केलं. त्यात कार्यानुभवाचे आठवड्याला दोन तास असायचे, सुतारकाम आणि शिवण. परीक्षा जवळ आली की मी ते तास गणिताला देऊन टाकायचे. कागदावर सुतारकाम, फळ्यावर वर्गसमीकरणं. हौसेराव नावाचा एक मुलगा होता, सुतारकामाच्या दिवशी न चुकता यायचा. तास गेले तसा तोही यायचा थांबला. मी हजेरीत गैरहजर लिहीत राहिले. माझ्यामुळे गेला हे मला निवृत्त झाल्यावर उमजलं, तेही एका रिकाम्या दुपारी, गवार मोडता मोडता.

म्हणून सांगते, वेळापत्रक माणसं करतात. तास एकमेकांवर येतात, कारण ते कुणीतरी तसे ठेवलेले असतात. वर्कशॉप क तुकडीलाच का, हे मोठ्या बाईंना जाऊन विचार. भांडू नकोस, विचार. आणि दुसरं. टेबलं पोचवलीस, पैसे घेतलेस, आलास. त्यावर मुलं काम करताना कधी पाहिलीस का रे? शाळा सुरू झाली की एकदा जाऊन उभा राहा. फॉर्म बदलायला तीस तारखेपर्यंत मुदत असेल, साधारण तशीच ठेवतात.

बाबांचं लिहिलंस ते वाचून थांबले होते. बाबांना दारात बसवलं ते कुठल्या विषयासाठी नव्हतं, अंकुश. हेही जाता जाता बघ.

अक्षताला सांग, कोकम पाठवतेय. मैत्रीची पापी घे, घेऊ दिली तर.
तुझी,
ताई


तळवली,
२२ जून २०२५

प्रिय आत्या,
सा. जयभीम. मी मजेत आहे, म्हणजे कालपर्यंत नव्हते.

तू पप्पांना काय लिहिलंस ते मला माहीत नाही, पण काल शनिवारी ते शाळेत आले. एका व्हाइसचा दांडा वाकलाय तो बघायला, असं ऑफिसात सांगितलं. वर्कशॉपची खोली आमच्या शाळेत जिन्याच्या मागे, अगदी शेवटी आहे. अ तुकडीची मुलं तिकडे जातच नाहीत. मी मधल्या सुट्टीत लांबून बघत होते.

पप्पा दारातच थांबले. आत किसन कानशीने लोखंड घासत होता, तो आमच्या बोनकोड्याच्या बसमध्ये असतो, माझ्याएवढाच आहे. तो दोन विटांवर उभा होता. विटा हलू नयेत म्हणून त्यांना पेपर गुंडाळलेला. बाकीची मुलं कुणी खोक्यावर, कुणी दप्तरावर. सगळेच. आत्या, पप्पांच्या चेहऱ्याकडे बघवेना. मग त्यांनी खिशातून टेप काढला आणि किसनचं कोपर जमिनीपासून मोजलं. त्याला वाटलं आता काहीतरी शिक्षा होणार, तो आधीच सॉरी काका म्हणाला. पप्पांनी मग सगळ्या वीस जणांची कोपरं मोजली, पावतीच्या मागे लिहून घेतली.

घरी आल्यावर मला हात पुढे कर म्हणाले. माझं कोपर जमिनीपासून सदतीस इंच भरलं. आईने विचारलं की आता टेलरिंग सुरू केलं का. ते हसले नाहीत. आज सकाळी वॉचमनला सांगून शाळेत गेलेत, ग्राइंडर घेऊन. मी डबा द्यायला जाणार आहे. फॉर्मबद्दल अजून काही बोलले नाहीत, मीपण विचारणार नाही.

आंबोळ्या करायला कधी येतेस?
तुझी,
मैत्री


तळवली,
६ जुलै २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि. कोकम मिळाले.

व्हाइसचा माथा काम करणाऱ्याच्या कोपराला लागला पाहिजे, हा नियम मला झोपेतून उठवून विचार, सांगेन. लागला होताच. माझ्या कोपराला. वरून व्हाइस आठ इंच, खाली टेबल चौतीस, बरोबर बेचाळीस. दहा टेबलं केली आणि त्यावर तेरा-चौदा वर्षांचं पोर उभं राहणार आहे, हे एकदाही डोळ्यासमोर आलं नाही. आपलं पोर तर नाहीच. त्या दारात उभा राहिलो तेव्हा बाबा आठवले. तू लिहिलेलं कळलं, तेव्हा दार होतं, आता तुकडी आहे. चाळीस पाय पाच-पाच इंच कापले, खाली रबर बसवलं. मैत्रीने शेवटचे सहा पाय स्वतः घासले. कापलेल्या कडेला बोचरी धार निघाली होती ती तिला माझ्याआधी कळली.

मग आलेखाच्या कागदावर नववीच्या तिन्ही तुकड्यांचं वेळापत्रक रंगीत पेन्सिलींनी मांडून मोठ्या बाईंना, निशिगंधा मॅडमना, भेटलो. कुणाकडून करून घेतलंत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मॅडम, मीच. वर्कशॉपचे तास शुक्रवारी सलग ठेवले, तर कुठल्याही तुकडीच्या मुलाला घेता येतं, तुकडी बदलावी लागत नाही. त्यांनी त्यात एक चूक काढली, वर्कशॉपचे सर शुक्रवारी दुसऱ्या शाळेत असतात. माझं तोंड उतरलं. पण पेन्सिल त्यांनीच उचलली आणि बुधवार करून दिला. आता तिन्ही तुकड्या मिळून एकतीस नावं आली आहेत. मैत्री अ मध्येच आहे, विषय वर्कशॉप. जुना फॉर्म तिच्यासमोर फाडला, नव्यावर खूण तिने केली, मी फक्त सही. पहिल्या बुधवारी येऊन सांगत होती की विटा आता कुंडीखाली ठेवल्यात.

अक्षता मात्र दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीये, तेवढं तू मिटव. त्याचं कारण, संस्थेच्या सचिवांनी बोलावून आणखी दोन शाळांसाठी तीस टेबलं सांगितली. मी एकोणतीस इंच म्हटलं. ते म्हणाले, छापील यादीत चौतीस आहे, मंजुरी चौतीसचीच, तुम्ही द्या, पुढचं शाळा बघेल. मी विचारलं, विटा कोण देणार. ते समजले नाहीत.

घरच्यांवरचा तुझा राग आणि माया दोन्ही राहू दे.
तुझा,
अंकुश

ता. क. आकडा अर्धवट लिहिलेला तुला चालत नाही, मलाही नाही. तीस टेबलं, उंची चौतीस इंच, प्रत्येकी चौदा हजार. नको म्हणालो. चार लाख वीस हजार रुपये.