तुला न्यायला आलो होतो

सोलापूर,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. अपेक्षास बाबांचे अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोहोचलो. प्रवासात कंबर धरली होती, आता बरी आहे. वैरागहून तुझी गोजरआत्या येऊन बसली आहे आणि तू सोबत का आली नाहीस, हे मला रोज नव्याने विचारते आहे. तुझी आई असती तर तिने एका वाक्यात तिला गप्प केलं असतं. मी डिंक कुठे चांगला मिळतो ते विचारून विषय बदलतो.

फोनवर तू "बाबा, रागावलात का?" म्हणतेस आणि मी "नाही गं" म्हणून ठेवून देतो. म्हणून हे पत्र. रागावलोय की नाही ते लिहिता लिहिता कळेल असं वाटलं होतं. अजून तरी कळलेलं नाही.

कारवारची तुमची ती नेव्हीची कॉलनी मला उमगलीच नाही, बाई. डोंगराच्या उतारावर एकसारख्या पिवळ्या इमारती, गेटवर पास, खाली एवढा समुद्र, आणि बायका मात्र कपडे दमट राहतात म्हणून त्याच्या नावाने कुरकुरतात. जावईबापू जहाजावर, कधी येणार, ते विचारायचं नाही. दारांवरच्या पाट्या नुसत्या अडकवलेल्या, बदली झाली की काढून न्यायच्या. अशा ठिकाणी माणसाचा जीव कसा रमतो? मी सवयीने पहाटे उठून तुझ्या बादल्या, पातेली, अगदी कुकरसुद्धा पाण्याने भरून ठेवला तेव्हा तू पोट धरून हसलीस. इथे रोज पाणी येतं, म्हणालीस. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी येतं, हे तू विसरलीस याचं मला उगाच वाईट वाटलं.

मग ते डोहाळजेवण. समोरची ओडिशाची बाई आणि वरच्या मजल्यावरची पंजाबची, दोघींनी मोबाईलवर बघून फुलांचे दागिने केले. ओटी भरताना नारळाची शेंडी कुठे करायची यावर त्यांचं अडलं, आणि त्यांनी मला विचारलं. मला काय ठाऊक? ते सगळं तुझ्या आईचं खातं. दवाखान्यात गाडी कोण नेणार, तुझ्याजवळ कोण राहणार, हेही त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. मला त्यांचा आधार वाटला आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

त्या रागातच मी म्हणालो की पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, तुझ्या आईची तशी इच्छा होती. तू शांतपणे विचारलंस, "बाबा, तिथे कळा सुरू झाल्या तर तुम्ही काय कराल?" मी बॅग भरायला घेतली.

अपेक्षा, आईने असं काही म्हटलं नव्हतं. घरात माणूस हवं होतं ते मला. तुझी खोली रंगवून घेतली आहे, पाळणा पुसून ठेवला आहे. हे तिथे सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून तिचं नाव पुढे केलं.

काल शेवटी आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पोरगी येत न्हाय तर तू जा की. माहेर काय सोलापूरच्या सात रस्त्याला बांधून ठिवलंय व्हय?"

बाप कधी लेकीच्या बाळंतपणाला जातो का? तुझ्या सासरचे काय म्हणतील? त्या बायकांच्या गर्दीत मी कुठे उभा राहू? बाळाला धरायचं कसं, तेही आता आठवत नाही. तरी आज सकाळी कारवारचं तिकीट काढून आलो. परतीचं काढलेलं नाही.

तू नको म्हणालीस तरी चालेल, पण पत्र वाचून मग म्हण.

तुझं माहेर,
नारायण