व्हिसा उठला तेव्हा

१४ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

बातमी तिकडेही पोचली असेलच. दोन्ही सरकारांनी करारावर सह्या केल्या. एक तारखेपासून व्हिसा बंद. पासपोर्ट दाखवायचा, शिक्का मारून घ्यायचा नि यायचं! तू तिकडचा नागरिक झाल्यापासून अकरा वर्षं ज्या कागदावाचून अडला होतास, तो आता लागणारच नाही. बाबांनी शिवणयंत्रावरून उठून मला ती बातमी तीनदा वाचायला लावली. सुईत दोरा ओवायला हल्ली मी लागते, पण तुझा सदरा तेच शिवणार म्हणतात. माप कळव. पोट सुटलं असेल तर लपवू नकोस!

उत्तराची वाट बघणारी,
धाकटी

२६ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला. लगेच निघालो असतो, पण कारखान्यात मोठी ऑर्डर आली आहे, मुकादम रजेचं नाव काढू देत नाही. शिवाय माझ्या पासपोर्टची मुदत संपून सहा वर्षं झाली. नवा काढायचा म्हणजे हेलपाटे आले. पुढच्या वर्षी नक्की बघू. बाबांना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका.

सर्वांना जप.
दादा

६ एप्रिल

दादा,

नमस्कार आज राहू दे. तुझं पत्र बाबांना वाचून दाखवत होते आणि पासपोर्टच्या ओळीपाशी थांबले. अक्षर लागत नाही म्हणून वेळ मारून नेली.

पासपोर्ट सहा वर्षांपूर्वीच संपला, तर गेल्या वर्षी व्हिसा नाकारला तो कशावर? त्याच्या आदल्या वर्षी? तुला बोलावण्याच्या आमंत्रणपत्रावर शिक्का घ्यायला बाबा दरवर्षी गुडघा बांधून इथल्या व्हिसा कचेरीच्या खिडकीपुढे चार-चार तास उभे राहिले. एकदा खिडकीतली बाई म्हणाली, या नावाचा अर्जच आलेला दिसत नाही. बाबा तिला खोटारडी म्हणाले. मीही त्यांची री ओढली. घरी येईपर्यंत त्या बिचारीच्या नावाने आम्ही खडे फोडले, आणि तू तिकडे आरामात बसला होतास! तिकडे यायला आम्ही दोनदा अर्ज केला, तो मात्र दोन्ही वेळा खरोखर नाकारला गेला.

करार दोन्हीकडून आहे. तू येऊच नकोस. दहा मेच्या बसने मीच बाबांना घेऊन येते.

धाकटी

१७ एप्रिल

चि. धाकटीस,

तू लिहिलंस त्यातला शब्दही खोटा नाही. पहिल्या वर्षी अर्ज केला होता, तो नाकारला. पुढच्या वर्षी न करताच नाकारला असं कळवलं, आणि मग तेच अंगवळणी पडलं. स्वतःचं दुकान काढूनच परत येईन असं बाबांना ऐकवून निघालो होतो. आजही दुसऱ्याच्या कारखान्यात काजं-बटणं करतोय. कुठल्या तोंडाने येऊ?

एवढं कर. निघण्याआधी तूच बाबांना नीट समजावून सांग. तुझं ते ऐकतात.

तुझा अपराधी,
दादा

२८ एप्रिल

दादा,

नाही सांगणार. इतकी वर्षं तुझं खोटं मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. खरं तू सांग, त्यांच्यासमोर बसून. ते संतापतील, रडतील, कदाचित पुढच्याच बसने परत चला म्हणतील. जे होईल ते तुझ्यादेखत होऊ दे.

बस सकाळी अकराला पोचते. बाबांना जिना चढवत नाही, तेव्हा घराखाली येऊन थांब.

लोभाचं तिथे आल्यावर बघू.

धाकटी