कानयंत्राचे चार सेल

॥ श्री ॥
आणे, ता. जुन्नर
२८ ऑक्टोबर २०२५

चि. वृषालीस,
पठारावरून आबाचे उदंड आशीर्वाद. वि. वि.

टक्, टक्, टक्. आमच्या लहानपणी घरात पितळी बॅटरी होती, तिच्यात वडील तीन सेल सोडायचे त्याचा हा आवाज. पहिला खोल जाऊन वाजे, दुसरा जरा वर, तिसरा अगदी तोंडाशी. मग झाकण फिरवताना स्प्रिंग कुरकुरायची आणि वडील खळ्यावर निघाले हे आम्हा पोरांना कळायचं. शाळेत गुरुजी कविता म्हणवून घेण्याआधी टेबलावर पट्टीचे असेच तीन ठोके द्यायचे. त्यामुळे मला अजून कुठलीही कविता तीन ठोक्यांनंतरच आठवते. हल्ली बाहेरचं काही ऐकू येत नाही, पण हे येतं.

भाऊबीजेचं सुदर्शनने, म्हणजे तुझ्या पप्पांनी, सांगितलंच असेल. त्याने अर्धा तास दार बडवलं, हाका मारल्या. मी मागच्या खोलीत बसून होतो. शेवटी शेजारच्या जानकूच्या भिंतीवरून उडी टाकून आत आला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला वाटलं मी गेलो. मी म्हटलं, बस, चहा टाकतो. त्यावर तो फार चिडला. १४ डिसेंबरला रविवारी टेम्पो आणतो, सामान भरतो आणि भोसरीला नेतो, असं माझ्या कानाशी ओरडून सांगून गेला. तुझी आई गाडीतून उतरलीच नाही. तिचं आणि तुझ्या आजीचं कधी जमलं नाही, बारा वर्षांत ती एकटी या उंबऱ्याला आलेली नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सध्या कशाबद्दलच नाही.

मला इथून हलायचं नाही एवढं नक्की. का, ते विचारू नको. श्रावणात तुझी आजी गेली तेव्हा खिशात ठेवायचं कानयंत्र खुंटीला लावलं, ते तिथेच आहे. त्याचा सेल आठवड्यात संपतो आणि नवा आणायला बेल्ह्याला जावं लागतं. परवा गेलो होतो. अरिहंतशेठच्या दुकानात चार्जिंगचे सेल आलेत. त्यांच्यावर ४८०० असा मोठा आकडा छापलाय आणि किंमत चहा-भज्यांएवढी. शेठ कानाशी येऊन म्हणाला, आबा, घेऊन टाका, लई दमाचा माल आहे. तू कंपनीत मीटर तपासतेस, तर सांग, घेऊ का?

फोनवर मला नुसती खरखर कळते, तेव्हा लिहीतच जा. माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
आबा

भोसरी
३ नोव्हेंबर २०२५

ती. आबांना,
वृषालीचा सा. न. वि. वि.

ते ४८०० वाले घेऊ नका. तो आकडा म्हणजे सेलमध्ये मावणारी वीज, आणि तुमच्या यंत्राच्या मापाच्या सेलमध्ये एवढी मावतच नाही. खऱ्या सेलचा आकडा दोन हजारांच्या आसपास असतो. आमच्याकडे असला मोठ्या आकड्याचा एक सेल तपासला तर सहाशेसुद्धा भरला नाही. अरिहंतशेठचा दोष नाही, छापणारा वेगळाच असतो.

सेल नुसता पडून असला तरी आतली वीज हळूहळू गळते. म्हणून पडून राहिल्यावरही भरलेला राहणारा प्रकार असतो, तसे चार सेल पाठवते. चार्जरही पाठवते, साधा नाही. साध्याला तासांचं गणित असतं. आण्याची वीज दिवसातून पाचदा जाते, ती परत आली की तो पहिल्यापासून तास मोजायला लागतो आणि भरलेल्याच सेलला पुन्हा भरत बसतो. सेल तापून मरतो. हा चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासतो, भरला की हिरवा दिवा लावतो आणि थांबतो. बत्तीस वर्षं लाइनमन होतात म्हणून सगळ्या घराला हेच सेल लावू नका. भिंतीवरच्या घड्याळात आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये साधेच राहू द्या. त्यांना वर्षात घोटभर वीज लागते आणि ह्या सेलचा जोर थोडा कमी असतो, घड्याळ मागे पडेल. चार्जिंगच्या सेलची गंमत रोज काम करणाऱ्या वस्तूत.

आता मुख्य. मी पप्पांशी चार दिवस भांडले. ते एवढ्यावर आलेत: १४ तारखेच्या आत न सांगता कुणीतरी येऊन दार वाजवेल, पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही उघडलंत तर टेम्पो रद्द. आई शेजारी बसून भाजी निवडत होती. तर आबा, यंत्र खुंटीवरून काढा.

कविता म्हणत जा. लोभाला खंड पडू नये.

आपली,
वृषाली

आणे
१९ नोव्हेंबर २०२५

चि. वृषालीस,
आशीर्वाद. वि. वि.

सेल आणि चार्जर मिळाले. चारही हिरवे दिवे लागलेले बघत मी बराच वेळ बसलो. खांबावर चढून गावाला वीज दिली तेव्हाही एवढा वेळ बघितलं नसेल. मग एक सेल यंत्रात घातला, यंत्र सदऱ्याच्या खिशात आणि वायरीची बोंडी कानात. पहिला आवाज माझ्याच सदऱ्याचा आला, कापड घासल्याचा. नंतर कोंबडीने माती उकरलेली. नंतर जानकू त्याच्या म्हशीला शिव्या देत होता, त्या पूर्वीसारख्याच निघाल्या. तुला वाटत असेल आबाला बरं वाटलं. बरं नाही आणि वाईटही नाही. भाकरीत मीठ घालायचं राहिलं होतं, ते मला दोन दिवसांनी जानकूने तुकडा खाल्ला तेव्हा कळलं. तसंच हे.

आता चूक सांगतो. रविवारी आळ्याचे बाळासाहेब, सुदर्शनचे मित्र, दार वाजवून परत गेले. यंत्र माझ्या खिशात होतं, बोंडी कानात होती, आणि सेल संपलेला होता. मला पत्ताच नाही. जुना सेल संपत आला की आवाज बारीक व्हायचा, लांब जायचा, चार दिवस आधी सांगायचा की मी निघालो. ह्याने शेवटपर्यंत खणखणीत ऐकवलं असणार आणि मग एकदम काहीच नाही. मला शांतताच सवयीची, तेव्हा फरक कळला नाही. बाळासाहेबांनी जानकूला सांगितलं की एवढं दार बडवल्यावर मास्तर असते तर छडी घेऊन बाहेर आले असते, लाइनमन हाय म्हणून मी वाचलो. पण सुदर्शनला त्यांनी खरं ते कळवलं.

दुसरी चूक याहून मोठी. सेल संपलेला कळल्यावर मी तो आणि एक भरलेला, दोन्ही पत्र्यावर उन्हात ठेवले. तू हसशील. आमच्या काळात रेडिओचे सेल मंदावले की पापडांच्या शेजारी उन्हात टाकायचे, मग आणखी दोन दिवस बातम्या ऐकू यायच्या. आण्यात घरोघर हेच. तुझी आजी तर कोणता किती तापलाय ते गालाला लावून बघायची. मीही तीन दिवस टाकले. आज बघतो तर एकाच्या टोकाला पांढरी बुरशी धरलीय आणि दुसऱ्याला चार्जर लाल दिवा दाखवून नाही म्हणतो. चारातले दोन मी भाजले. तिसरा आणि चौथा डब्यात आहेत.

टेम्पो येणार असं धरून चालतो. रागावू नको. तुझ्या मनात आहे तेवढी जागा राहू दे.

आबा

भोसरी
२५ नोव्हेंबर २०२५

ती. आबांना,
सा. न. वि. वि.

रागावले होते. पापडांवरून हसू आलं. ऊन देण्याचा उपाय जुन्या साध्या सेलला थोडा चालायचा. ह्यांना ताप मानवत नाही, तो चार्जरचा असो नाहीतर सूर्याचा. त्यांना सावलीत ठेवा, चाव्या-नाण्यांच्या खिशात टाकू नका, दोन्ही टोकं जुळली तर खिसा पेटेल.

तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे, हे सेल निरोप न घेता जातात. म्हणून ते संपायची वाट बघायचीच नाही. उरलेल्या दोघांवर खडूने तीन आणि चार लिहा. दर गुरुवारी आणि रविवारी सकाळी अंघोळीनंतर बदलायचे, आतला संपलेला असो वा नसो. एक यंत्रात, एक भरलेला डब्यात. आमच्या कंपनीत रात्रपाळीची माणसं अशीच बदलतात, दमल्यावर नाही, वेळ झाल्यावर.

पप्पांनी टेम्पोवाल्याला सांगितलंय. मी पुन्हा विषय काढला तर म्हणाले, एकदा संधी दिली, बापाच्या जिवाशी खेळू का मी. त्यांचा आवाज वेगळाच झाला, मग मी तिथून उठले. भाऊबीजेला भिंतीवरून उतरताना त्यांनी काय बघितलं ते कुणालाच सांगत नाहीत. आई डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घोडेगावला जाणार आहे, तिच्या आईचे गुडघे धरलेत.

आबा, एक विचारते आणि खरं लिहा. तुम्हाला ऐकायचंय का? नसेल तर मी भांडायची थांबते. मग सेलचा दोष नाही, माझाही नाही.

लोभ आहेच, तो तिकडूनही कळवावा.

आपली,
वृषाली

आणे
११ डिसेंबर २०२५, गुरुवार

चि. वृषालीस,
आबाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या प्रश्नाला चौदा दिवस घेतले. रोज लिहायला बसायचो आणि कागद कोराच राही.

तुझ्या आजीने मला दहा वर्षं काही ऐकू दिलं नाही, असं म्हटलं तरी चालेल. दाराशी कुणी आलं की ती माझ्या कोपराला दोन बोटं लावायची. जेवायला बोलवायचं तर अख्खा पंजा. विजेचं बिल घेऊन माणूस आला तर सदऱ्याची बाही ओढायची, म्हणजे मी आधीच कपाळाला आठ्या घालून उठावं. मला ऐकायची गरज पडलीच नाही. ती गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं, बायका रडत होत्या, त्यांची तोंडं हलताना दिसत होती आणि मी कोपर पुढे करून बसलो होतो. तेव्हापासून आत काही हललेलं नाही. तू विचारतेस ऐकायचंय का. मला माहीत नाही. हे खरं उत्तर आहे.

पण सेल मी बदलतो. तीन नंबर, चार नंबर, रविवार, गुरुवार. एकदाही चुकलो नाही. आज सकाळी चार नंबर घातला. परवा अंगणात बसून चौथीतली एक कविता म्हणत होतो आणि दचकलो, कारण माझ्याच कानात वडील म्हणत होते. माझा आवाज त्यांच्यासारखा कधी झाला मला ठाऊक नाही. चार ओळींपुढे गेलो नाही.

दोन ट्रंका भरून ठेवल्यात. तुझ्या आजीची लुगडी कुठे न्यावीत ते सुदर्शनला विचार. कोंबड्या जानकूला दिल्या. तो म्हणाला, आबा, तुमी जावा, पण तिकडं कोंबड्याबिगर पहाट व्हती का. मी म्हटलं, तिकडे भोंगा असतो. तुझ्यावर माझा राग नाही, तू होतं तेवढं केलंस. पप्पांशी आता भांडू नको.

माया आटू देऊ नये, एवढंच मागणं.

तुझा,
आबा

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं आणि दार वाजलं. एकदाच, तेही हळू. जानकू म्हणून गेलो तर उंबऱ्याबाहेर तुझी आई. जया. एकटी, हातात पिशवी, चपला काढून बाजूला ठेवलेल्या.

घोडेगावला जाते असं तुम्हाला सांगून निघाली आणि आळेफाट्याला उतरून जीपने वर आली. सुदर्शनला यातलं काही माहीत नाही. बाळासाहेबांसारखं बडवलं नाही, एका बोटाने वाजवलं आणि मनात आकडे म्हणत उभी राहिले, असं म्हणाली. सतरावर दार उघडलं. मी म्हटलं, आत ये, पाणी देतो. ती आत येईना. तिचं म्हणणं असं की घरात तिच्या शब्दावर कुणी सहज विश्वास ठेवत नाही, मी, तिचा सासरा, तर नाहीच ठेवत, आणि एकदा दार उघडणं नशिबानेही जुळून येतं. तेव्हा मी दार लावून मागच्या खोलीत जाऊन बसावं, भाऊबीजेला बसलो होतो तिथेच, आणि ती तिच्या मर्जीने केव्हातरी पुन्हा वाजवेल. तेव्हाही मी उघडलं, तर ती इथूनच जानकूच्या फोनवरून सुदर्शनशी बोलेल आणि टेम्पोचं तिने बघून घेईल.

दार लावून घेतलंय. मागच्या खोलीत बसून हे लिहितोय. ती पायरीवर बसली असेल. ऊन आहे, बिचारीला पाणीही दिलं नाही. सदरा घासू नये म्हणून हात अंगापासून दूर धरलाय, अक्षर त्यामुळे वाकडं येतंय. श्वाससुद्धा मधेमधे थांबवतोय. अजून काही नाही. बाहेर एसटी गेली, जानकूची म्हैस, पुन्हा काही नाही. वाजू दे, असं मी मनात तिसऱ्यांदा म्हणतोय.

वाजलं. उठतो.